बेळगावात बाहेरून येऊन प्रॉपर्टीच्या लाईनीत जम बसवायचा तर: आधी कागद, मग मंडळ, मग प्लॉट

चंदगड, आजरा, गडहिंग्लज, दोडामार्ग, नाहीतर खानापूरच्या पार आतल्या गावातनं बेळगावात आलेली पोरं, चार-पाच वर्षं उद्यमबागेत फौंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये काढली की प्रॉपर्टीच्या लाईनीत उतरायचं म्हणतात, आणि बहुतेक सगळी उलट्या क्रमानं सुरुवात करतात. आधी व्हिजिटिंग कार्ड, मग गणपतीत मंडळाच्या कमानीवर फोटोसकट बॅनर, मग दिसेल त्या व्हॉट्सअप ग्रुपवर "प्लॉट विकणे आहे, त्वरित संपर्क", आणि पहिला व्यवहार कुणाशी, तर आपल्याच गाववाल्याशी, तोही बॉण्डवरच्या, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर विकलेल्या प्लॉटचा. पुढं त्या माणसाला घर बांधायला बँक दारात उभं करत नाही, आणि तुमचं नाव बेळगावात तर जातंच, गावच्या यात्रेत पण निघतं.

ओळखीपाळखीतनं धंदा उभा राहतो हे खरंच आहे, पण ज्या वाटेनं गिऱ्हाईक येतं त्याच वाटेनं बोंब पण फिरते, आणि बाहेरून आलेल्याला इथं सांभाळून घ्यायला चुलता-मामा नसतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. खाली जे लिहिलंय ते निदान सहा-आठ महिने पगार चालू ठेवून करायचं आहे. नोकरी सोडून "बघू की काय होतंय" म्हणून उतरणारा माणूस पहिल्या दोन महिन्यांत पैशाच्या घाईनं नको तो प्लॉट विकतो, हे ठरलेलं आहे.

टप्पा १: उतारा वाचता आला पाहिजे, तोही कन्नडमधला

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. मंडळात बसणं, ओळखी वाढवणं नंतर.

महाराष्ट्रातनं आलेल्याला सातबारा माहीत असतो, फेरफार माहीत असतो, आणि त्याच जोरावर तो इथला कागद बघून मान हलवतो. इथं शेतजमिनीचा उतारा म्हणजे आरटीसी, म्हणजे पहाणी, आणि ती कन्नडमध्ये. भाषेवरून तुमचं मत काहीही असो, कन्नड अक्षरं आणि आकडे वाचायला आलेच पाहिजेत. बोलायला मोडकंतोडकं आलं तरी चालतं, वाचायला आलं नाही तर तुम्ही कायम दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसणार, आणि तो दुसरा बहुतेक वेळा समोरच्या पार्टीचा एजंट असतो.

सरावाला खोलीमालकाच्या, मित्राच्या, कारखान्यातल्या सोबत्याच्या शेताचा सर्व्हे नंबर घ्या, महसूल खात्याच्या भूमी साईटवर आरटीसी काढा आणि घरमालकाला शेजारी बसवून वाचा. बघायचं ते असं:

१. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. शहरात आर.एस. नंबर आणि सीटीएस नंबर दोन्ही कानावर येतात, ते एकच समजू नका. सिटी सर्व्हेत आलेल्या मिळकतीला सीटीएसचा उतारा वेगळा काढावा लागतो.

२. क्षेत्र आणि खराब. खराबात दोन प्रकार, अ आणि ब. अ म्हणजे खडकाळ वगैरे, पिकाला निरुपयोगी. ब म्हणजे रस्ता, नाला, सार्वजनिक वापराची जागा. ब खराब विकता येत नाही. मालक तोंडानं एकर सांगतो आणि त्यात ब खराबाचे गुंठे बिनधास्त मोजून मोकळा होतो.

३. नववा कॉलम, मालकाचं नाव आणि क्षेत्र. नावं एकापेक्षा जास्त असतील तर कुणाचं किती ते लिहून घ्या.

४. दहावा कॉलम, ही जमीन त्याच्याकडं आली कशी आणि कुठल्या म्युटेशननं, म्हणजे फेरफारानं. तो नंबर धरून जुनं म्युटेशन काढा. वारसानं आलीय, वाटणीनं, खरेदीनं की कुळकायद्यानं, ते इथंच कळतं.

५. अकरावा कॉलम, बोजा आणि इतर हक्क. पीककर्ज बऱ्याच वेळा इथं बसलेलं असतं. "ते फेडलंय ओ, नाव काढायचं तेवढं राहिलंय" हे वाक्य तुम्ही आयुष्यभर ऐकणार आहात. नाव निघू दे, मग बोलू, एवढंच उत्तर द्यायचं.

६. बारावा कॉलम, कसतोय कोण आणि पीक काय.

यानंतर ईसी, म्हणजे मिळकतीवर नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला. नोंदणी खात्याच्या कावेरी साईटवर अर्ज करून मिळते, जुन्या वर्षांची ऑनलाईन मिळाली नाही तर सब-रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज टाकायचा. तीस वर्षांची बघायची सवय लावून घ्या. आणि ईसी स्वच्छ आली म्हणजे जमीन स्वच्छ असं समजू नका, कारण ईसीत नोंदणी झालेलेच व्यवहार दिसतात. बॉण्डवरचा करार, तोंडी वाटणी, बहिणीचा हक्क, यातलं काही तिथं दिसत नाही.

घर आणि प्लॉटसाठी ई-खाता, म्हणजे पंचायतीच्या नाहीतर मनपाच्या दप्तरातला मिळकतीचा ऑनलाईन उतारा. ग्रामपंचायत हद्दीत नमुना ९ आणि ११अ असेल तर एनए (बिगरशेती परवानगी) आणि लेआऊट रीतसर आहे असं धरून पुढं तपासायला हरकत नाही. ११ब असेल तर मंजुरीत खोट आहे. शहरात ए खाता, बी खाता. बी खाता मिळाला म्हणजे प्लॉट कायदेशीर झाला असं सांगत फिरणारे खूप आहेत. खात्यानं घरपट्टी भरायची सोय होते, लेआऊटला मंजुरी मिळत नाही. मंजुरी म्हणजे एनएची ऑर्डर आणि बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) नाहीतर त्या हद्दीतल्या प्राधिकरणाचा सही-शिक्क्याचा नकाशा, हे दोन्ही मूळ कागद डोळ्यानं बघायचे, झेरॉक्स नको.

आणखी तीन गोष्टी मुद्दाम विचारायच्या. जमीन कुळकायद्यात ट्रिब्युनलकडनं मिळालेली आहे का, इनाम-वतनातली आहे का, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारनं दिलेली आहे का. तिसऱ्या प्रकारच्या जमिनीला १९७८ चा कायदा लागतो, सरकारच्या परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होऊन जमीन मूळ माणसाच्या घरात परत जाऊ शकते, मध्ये कितीही हात बदललेले असोत. यातलं काहीही निघालं तर तिथंच थांबा आणि वकील गाठा, एजंटनं डोकं चालवायची ती जागा नव्हे.

इशारा: बेळगावच्या भोवतीनं शंभर रुपयांच्या बॉण्डवर विकलेले प्लॉट किती आहेत ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. शंभर रुपयांवरची स्थावर मिळकत नोंदणीशिवाय विकली जात नाही, बॉण्ड नोटरी केला म्हणून मालकी येत नाही. "सगळ्यांनी घेतलंय की, घरं बांधलीत, लाईट आहे, नळ आहे" हे सगळं खरं असतं आणि तरी मालकी नसते. पहिल्या दिवसापासून ठरवा, बॉण्डचा प्लॉट मी हातात धरणार नाही. कमिशन तिथंच जास्त असतं, म्हणून हे आधी ठरवायला लागतं.

तपासा: अनोळखी सर्व्हे नंबरची आरटीसी बघून मालक, बोजा, खराब आणि आधीचं म्युटेशन कुणालाही न विचारता सांगता येतंय का? येत नसेल तर अजून पुढं जाऊ नका.

टप्पा २: लायसन आणि पाटी

हे काम कंटाळवाणं आहे पण छोटं आहे. रेरात, म्हणजे प्लॉट-फ्लॅटच्या प्रोजेक्टवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रोजेक्टमधला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला एजंटची स्वतःची रेरा नोंदणी लागते. कर्नाटकात एकट्या माणसाची फी २५,००० रुपये, फर्म किंवा कंपनी असेल तर २ लाख, मुदत पाच वर्षं. अर्ज ऑनलाईन. पॅन, आधार, फोटो, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा, आयटी रिटर्न असले कागद आधी स्कॅन करून ठेवा. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपये दंड, तो मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढतो.

मनपाचा ट्रेड लायसन घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांवर जायला लागली की जीएसटी. पाटी करताना ६० टक्के कन्नडचा नियम आहे, २०२४ पासून तो कायद्यातच आहे, त्यावर वाद घालून पाटी काढून घ्यायची वेळ आणण्यात काही शहाणपण नाही, खाली मराठीत ठसठशीत नाव लिहा आणि विषय संपवा.

जुनं घर, जुना प्लॉट यांच्या फेरविक्रीला रेराचा प्रश्न येत नाही, म्हणून काहीजण नोंदणी टाळतात. टाळू नका. सरकारी नंबर असलेला एजंट आणि नुसता "प्लॉटवाला" यात लोक फरक करतात, विशेषतः मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर होऊन इथंच घर करायचं ठरवलेले फौजी. त्यांना कागद आणि शिक्का बघायची सवय असते, आणि एकाचं काम नीट झालं की त्याच्या ओळखीतले बाकीचे आपसूक येतात.

टप्पा ३: दोनच मंडळं धरा, आणि कंटाळ्याचं काम मागून घ्या

इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात. दहा ठिकाणी तोंड दाखवायचं, प्रत्येक ठिकाणी पाचशे-हजारची पावती फाडायची आणि फोटो टाकायचा, यातनं एकही माणूस जवळ येत नाही. देणगीदार म्हणून तुम्ही कधीच मोठे होणार नाही, तुमच्यापेक्षा मोठी पावती फाडणारा बिल्डर त्याच गल्लीत आहे.

निवड अशी करा. एक मंडळ राहत्या गल्लीचं, गणेशोत्सवाचं नाहीतर शिवजयंतीच्या चित्ररथाचं. दुसरं जिथं वयानं मोठी माणसं येतात असं, म्हणजे भजनी मंडळ, वारकऱ्यांची दिंडी, वाचनालय, नाहीतर उचगाव, कडोली, येळ्ळूर अशा गावांतनं थंडीत साहित्य संमेलनं होतात त्यांची समिती. पहिल्या ठिकाणी तरणी पोरं भेटतात, ज्यांना पुढं घर घ्यायचंय. दुसऱ्या ठिकाणी त्यांचे आई-बाप आणि जमिनीचे मालक. तुमच्या गावाकडच्या लोकांचं इथं काही मंडळ असेल तर त्यात जा जरूर, पण तेवढ्यावरच राहू नका. बाहेरून आलेला माणूस आपल्याच गाववाल्यांत गुरफटला की त्याला जागामालक मिळत नाही, नुसती गिऱ्हाईकं मिळतात, आणि माल नसलेल्या दुकानाला गिऱ्हाईकाचा काय उपयोग.

आत गेल्यावर काम कुठलं मागायचं? मिरवणुकीत पुढं नाचायचं काम सगळ्यांना हवं असतं. तुम्ही परवानगीचे अर्ज मागा. मंडप घालायचा तर मनपा, पोलीस, हेस्कॉम (वीज कंपनी) अशा चकरा असतात, एक खिडकी असली तरी अर्ज भरायचा कुणीतरी असतोच, अर्ज कन्नडमध्ये आणि दर वर्षी तो गल्लीतल्या कुठल्यातरी एका मास्तरांच्या गळ्यात पडतो. ते काम तुम्ही उचललं की तीन गोष्टी एकदम होतात: गल्लीला तुमचा उपयोग कळतो, ऑफिसातले क्लार्क तोंडओळखीचे होतात, आणि पहिल्या टप्प्यात शिकलेलं कन्नड वापरात येतं. संमेलनाच्या समितीत असंच पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचं काम असतं, कुणी मागत नाही, आणि त्या निमित्तानं गावातल्या दहा घरांत तुमचं जाणं-येणं होतं.

दुसरं, जेवणाच्या पंगतीनंतर भांडी गोळा होईपर्यंत थांबा. हसू नका, इथली जुनी माणसं हेच बघतात.

इशारा: मंडळाच्या वर्गणीची पेटी आपल्याकडं ठेवू नका. हिशोब लिहायचा असेल तर लिहा, पैसे दुसऱ्याच्या हातात. भिशी चालवायला तर अजिबात घेऊ नका. भिशीचा एक हप्ता लांबला की प्लॉटच्या धंद्यावर पाणी, आणि "भिशीचे पैसे प्लॉटमध्ये फिरवतो, दुप्पट देतो" असलं बोलणं कानावर आलं तर त्या माणसापासून लांब राहा, तो तुमचा जवळचा असला तरी.

आणखी एक, सीमाप्रश्न आणि निवडणूक. मत असू दे, मतदान करा, मोर्चाला जायचं तर जा, पण ऑफिसच्या नंबरवरून त्यातलं काही फॉरवर्ड करू नका. तुमचा विकणारा मराठी, येळ्ळूरचा, आणि घेणारा कन्नड, बैलहोंगलचा असू शकतो, सब-रजिस्ट्रारसमोर दोघांना एका बाकावर बसायचं असतं.

टप्पा ४: निदान सहा महिने विकायचं नाही, कागद काढून द्यायचे

मंडळात तुम्ही काय करता ते लोक विचारणारच. "प्लॉटचं करालोय" म्हटलं की समोरचा सावध होतो. "कागद काढून देतो, उतारा-ईसी लागली तर सांगा" म्हटलं की तोच माणूस दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून पिवळे पडलेले कागद घेऊन येतो. फरक पडतो तो या कामानं. फुकट करा, सरकारी फी तेवढी घ्या, पावती द्या.

लोकांच्या अडचणी ठरावीक असतात. वडील गेले, वारसा लागला नाही. कर्ज फिटलं, बोजा उतरला नाही. नावात एक अक्षर आधारपेक्षा वेगळं. जुना कागद १९५६ च्या आधीचा, मराठीत, काही वेळा मोडीत, तो पोराला वाचता येत नाही. वंशावळीला नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसात) अर्ज कसा टाकायचा ते माहीत नाही. यातलं प्रत्येक काम तुम्ही केलंत की त्या घराच्या मिळकतीची कुंडली तुम्हाला पाठ होते, आणि ते घर जेव्हा केव्हा विकायचं म्हणेल तेव्हा पहिला फोन तुम्हाला येतो. तोवर तुम्ही विषयसुद्धा काढायचा नाही.

बाहेरून आलेल्या माणसाचा खरा फायदा इथंच आहे, आणि फार थोड्यांच्या तो लक्षात येतो. सीमाभागातल्या सोयरिकी दोन्हीकडं आहेत. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखाच हक्क आहे आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही असं स्पष्ट केलंय. म्हणजे बहिणीची सही लागणार. आणि बहीण दिलेली असते चंदगडला, कागलला, सावंतवाडीला. हिंडलग्याकडच्या एका जमिनीत तिन्ही भाऊ तयार, पार्टी तयार, पण उताऱ्यावर बहिणीचं नाव नाही म्हणून सगळे म्हणत होते राहू दे, तिला कशाला विचारा. मी एसटीनं तिच्या गावी गेलो, आमच्या गावापासून दोन गावं सोडून. ती खळ्यावर होती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सही देतो की, पर माजा वाटा किती ते भावानं माज्या तोंडावर सांगूदे, आनि भात मळून झाल्याबिगर मी येनार न्हाई." भावांना तसं सांगितलं. सुगी संपेपर्यंत थांबलो, तिचा वाटा ठरला, खरेदीपत्रावर चौघांची सही झाली. इथल्या जुन्या एजंटला त्या गावची वाट माहीत नव्हती, एवढाच फरक.

बहिणीला येणं जमत नसेल तर वटमुखत्यारपत्र करता येतं, पण ते ती जिथं राहते तिथल्या सब-रजिस्ट्रारसमोर झालं पाहिजे, नोटरीवर भागत नाही. महाराष्ट्रात केलेला कागद इकडं वापरताना स्टॅम्पचं काय ते वकिलाला आधी विचारून घ्या.

इशारा: कागद काढून देणं वेगळं आणि "टायटल क्लिअर आहे" असं सांगणं वेगळं. ते मत वकिलानं लेखी द्यायचं. तुम्ही फक्त काय दिसतंय ते सांगा.

टप्पा ५: पहिली मिळकत हातात घेताना

आधी विकणारा, मग घेणारा. घेणारे पन्नास मिळतात.

मालक म्हणाला विकायचंय, की त्याच दिवशी फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ही यादी पुरी करा:

१. घरातले सगळे वारस, बहिणी धरून, कोण कुठं राहतं.
२. आरटीसी किंवा ई-खाता, ईसी, म्युटेशन, एनए, मंजूर नकाशा. ई-खाता नसेल तर घर-प्लॉटची नोंदणीच अडते, तेव्हा तो आधी करायला लावा.
३. जाग्यावर जाऊन टेपनं मोजा. १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि तीस बाय चाळीसचा १,२०० चौरस फुटांचा प्लॉट यात लोक अजून गोंधळतात. रस्ता नकाशात किती आणि जाग्यावर किती ते बघा.
४. सर्व्हे नंबरचा तुकडा विकायचा असेल तर ११-ई स्केच, म्हणजे त्या तुकड्याची सरकारी मोजणी आणि नकाशा, झालंय का.
५. भूसंपादन. हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडच्या वेळी काय झालं ते डोळ्यासमोर आहे. त्या बाजूचा सर्व्हे नंबर असेल तर संपादनाच्या यादीत आहे का ते ऑफिसातनं विचारून घ्या, मालकाच्या सांगण्यावर नको.
६. नवा लेआऊट असेल आणि जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर रेरा नंबर. नंबर नाही तर विकायला घ्यायचं नाही, एजंटला ते कायद्यानंच बंद आहे.
७. मालकाकडनं लेखी पत्र: कुठली मिळकत, किंमत किती, कमिशन किती, मुदत किती.

कमिशन साधारण १ ते २ टक्के चालतं. दोन्हीकडनं घेणार असाल तर दोघांनाही माहीत पाहिजे.

आता "वरचे तुझे" या प्रकाराबद्दल. मालक म्हणतो, मला पंधरा लाख दे, वरचे काय मिळतील ते तुझे. ऐकायला गोड. तुम्ही अठराला विकता, तीन खिशात. पण मालक आणि घेणारा नोंदणीच्या दिवशी एकाच बाकावर चहा पितात आणि आकडे जुळवतात, गल्ली एवढीशी असते. त्यानंतर त्या मंडळात तुम्ही भांडी घासली तरी कुणी बोलावत नाही. ज्याला गावात राहून धंदा करायचाय त्यानं हा मार्ग धरू नये, एक-दोन व्यवहार करून पुण्याला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

टप्पा ६: घेणाऱ्याला काय सांगायचं, पैसे कसे फिरवायचे

महाराष्ट्रातनं विचारणारे लोक पहिला प्रश्न विचारतात, शेतकरी दाखला लागतो काय? महाराष्ट्रात लागतो. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. पण लगेच दुसरं वाक्य सांगा: शेतजमीन घेतली म्हणजे घर बांधायची परवानगी मिळाली असं नाही, एनए वेगळं.

खर्चाचा आकडा पहिल्या भेटीतच कागदावर लिहून द्या. प्लॉटला स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ची २ टक्के झालीय. म्हणजे सगळं धरून साडेसात टक्क्यांच्या थोडं वर, २० लाखांच्या प्लॉटला दीड लाखाच्या पुढं. खरेदीची किंमत आणि सरकारी दर यातलं जे जास्त त्यावर. अजून "सहा-साडेसहा धरा" सांगणारे एजंट आहेत आणि शेवटच्या आठवड्यात घेणारा पैशासाठी धावत सुटतो.

क्रम असा ठेवा:

१. वकिलाचं लेखी मत.
२. पेपरात जाहीर नोटीस, एका मराठी आणि एका कन्नड पेपरात. इथं मालकाचे भाऊबंद दोन्ही भाषांतले पेपर वाचणारे असतात, एकात देऊन भागत नाही. हरकतीची मुदत संपू द्या.
३. संचकार, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन केलेला करार. लेखी, स्टॅम्पवर, सगळ्या वारसांच्या सह्या, किती दिवसांत खरेदी, मोडलं तर काय. संचकाराचे पैसे घेणाऱ्याच्या खात्यातनं थेट मालकाच्या खात्यात. २०,००० किंवा त्यावर रोख घेणं आयकराच्या नियमात बसत नाही.
४. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापायचा, त्याला आठवण करा.
५. कावेरीवर मसुदा आणि माहिती भरा, ऑफिसची तपासणी होऊ द्या, फी ऑनलाईन भरा, वेळ घ्या. नाव, वडिलांचं नाव, हद्दी एकेक अक्षर वाचून बघा, खरेदीपत्र कन्नडमध्ये असेल तर घेणाऱ्याला मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा.

इशारा: संचकाराचे पैसे एक रात्रसुद्धा तुमच्या खात्यात नको. "मालक गावाला गेलाय, तोवर तुझ्याकडं ठेव" म्हणाले तरी नाही म्हणा.

भविष्य विकू नका हेही इथंच सांगतो. "सांबऱ्याच्या विमानतळामुळं दोन वर्षांत डबल", "इथनं रिंगरोड जाणार" असली वाक्यं तुमच्या तोंडून गेली की ती तुमच्या नावावर राहतात. आज रस्ता किती फुटांचा आहे, पाणी विहिरीचं की नळाचं, पावसाळ्यात गाडी दारात जाते की नाही, शाळा किती लांब, एवढं खरं सांगा. पावसाळ्यात न्या दाखवायला, जमलं तर. वडगाव-शहापूर बाजूला नाल्याकाठचा प्लॉट मे महिन्यात सगळ्यांनाच आवडतो.

टप्पा ७: नोंदणीनंतरचं काम

कमिशन मिळालं की बहुतेक एजंट फोन उचलायचा बंद करतात. तुम्ही हे करा: म्युटेशन पडलं का बघा, खात्यावर नाव चढलं का बघा, हेस्कॉमचं मीटर आणि घरपट्टी नव्या मालकाच्या नावावर झाली का बघा, आणि कागदांचा एक संच प्लास्टिकच्या फाईलीत क्रमानं लावून घेणाऱ्याच्या हातात द्या, पहिल्या पानावर मराठीत यादी. हे काम दोन-तीन महिने रेंगाळतं, पैसे मिळत नाहीत, पण वास्तुशांतीला तुम्हाला बोलावणं येतं ते याच्यामुळं. तिथं जा, घरच्यासारखं वावरा, कार्ड वाटू नका. घरमालकच चार जणांसमोर सांगतो, "सगळं ह्येनीच करून दिलं की ओ", त्याच्यापुढं कार्डाला कोण विचारतो.

काही बिघडलं, म्हणजे हद्दीचा वाद निघाला, चुलतभावानं तक्रार टाकली, तर फोन बंद करू नका. त्याच दिवशी जा, कागद घेऊन बसा, मंडळातल्या एका वयस्क माणसाला बरोबर घ्या. चूक तुमची असेल तर कमिशन परत करा, तेही त्या माणसासमोर.

तपासा, दर सहा महिन्यांनी: आलेल्या चौकशांपैकी किती कुणाच्या तरी सांगण्यावरून आल्या आणि किती जाहिरातीवरून, वहीत लिहून ठेवा. जाहिरातीचीच जास्त असतील तर तुम्ही मंडळात नुसते दिसताय, काम करत नाही असं समजा आणि तिसऱ्या टप्प्यावर परत या. व्यवहारांची वही आणि पावत्या पण त्याच कपाटात, वर्षावार, रेरात तुमच्याविरुद्ध तक्रार गेली तर पहिल्यांदा तेच मागतात. आणि नोंदणीची पाच वर्षं संपायच्या बरेच महिने आधीच नूतनीकरणाचे कागद गोळा करायला लागा. गणपतीच्या गडबडीत ती तारीख सहज निघून जाते.